पावसाळ्यात मंदावलेला सेन्सर: इंदूरच्या एका लॅबमधलं प्रकरण

एक्स-रेचे फोटो लागोपाठ काढायचे, दोन फ्रेममधलं अंतर ५०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा वीस लाखावा भाग, असं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आधी इलेक्ट्रॉनिक्सकडे जातं. चिप किती फास्ट, मेमरी किती, डेटा बाहेर कसा काढणार वगैरे. सेन्सर काय, सिलिकॉनचा तुकडा, बायस (बाहेरून लावलेलं व्होल्टेज) दिला की झालं, असा एकंदर समज असतो. मी ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय त्यात चिप पूर्ण निर्दोष निघाली, उशीर सिलिकॉनमध्येच होत होता, आणि त्याचं कारण सापडेपर्यंत पावसाळा सरत आला होता. सविस्तर लिहितोय कारण या विषयात नवीन येणाऱ्या मुलामुलींना मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, आणि जे मिळतं त्यात अंतिम आकडे असतात, शोध कसा लागला ते नसतं.

इंदूर आणि एक्स-रे हे नातं तसं जुनं. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र इथलंच. तिथली इंडस-१ रिंग १९९९ पासूनची आणि इंडस-२ २००५ पासूनची, तिच्यात २.५ जीईव्ही (अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन १७२ मीटरच्या घेरात फिरतात आणि वळताना एक्स-रे सोडतात. एक फेरी साधारण ५७५ नॅनोसेकंदांची. समजा रिंगमध्ये इलेक्ट्रॉनचा एकच गठ्ठा ठेवला तर एका जागी दर ५७५ नॅनोसेकंदांनी एक चमक मिळेल, आमच्या डोक्यातला ५०० चा आकडा तिथून आला. तिकडे हॅम्बुर्गला युरोपियन एक्सएफईएल नावाचं एक्स-रे लेझर केंद्र तर दर २२० नॅनोसेकंदांनी पल्स देतं आणि त्यांचा एजीआयपीडी नावाचा डिटेक्टर प्रत्येक पिक्सेलच्या आत ३५२ फ्रेम साठवतो. आमचा ग्रुप त्यामानाने खूपच लहान, काम पण एका छोट्या प्रोटोटाइपचं. आम्ही वर सांगितलेल्या केंद्राचे नाही, आणि आमच्या लॅबचं नाव इथे महत्त्वाचं नाही.

आधी सेन्सर कसा असतो ते नीट सांगतो, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. एन-टाइप (ज्यात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त असतात अशा) सिलिकॉनची ५०० मायक्रॉन जाड पट्टी घ्या, अगदी शुद्ध, रेझिस्टिव्हिटी (विजेला होणारा विरोध) साधारण साडेचार किलो-ओहम-सेंटिमीटर. तिच्या पुढच्या बाजूला पी-टाइपचे (उलट प्रकारच्या सिलिकॉनचे) चौकोन, १०० मायक्रॉनच्या अंतराने, हेच पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला सोल्डरचा एक बारीक गोळा, त्याला बंप म्हणतात, आणि त्या गोळ्यांवर खाली सिग्नल वाचणारी रीडआउट चिप चिकटवलेली. मागच्या बाजूला पातळ एन-प्लस थर, त्याच्यावर अॅल्युमिनियम, आणि तिथे पॉझिटिव्ह बायस. एक्स-रे आत येतो तो या मागच्या बाजूने, कारण पुढे चिप असते. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी (होल म्हणजे इलेक्ट्रॉन सुटल्यावर उरलेली जागा, ती पॉझिटिव्ह चार्जसारखी वागते) सुटायला सरासरी ३.६ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं माप) लागतात, त्यामुळे तांब्याच्या एक्स-रे ट्यूबमधला ८ केईव्हीचा, म्हणजे ८ हजार ईव्हीचा, एक फोटॉन साधारण २२०० जोड्या देतो. इलेक्ट्रॉन मागे जातात, होल पिक्सेलकडे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ८ केईव्हीचा फोटॉन सरासरी ६५-७० मायक्रॉनमध्येच संपतो, म्हणजे त्याचा सगळा चार्ज मागच्या पृष्ठभागाला खेटूनच तयार होतो आणि होलांना जवळपास पूर्ण जाडी पार करून यावं लागतं. होल इलेक्ट्रॉनपेक्षा तिपटीने संथ. तरी बायस भरपूर असेल, समजा २५० व्होल्ट, तर ते साधारण ३० नॅनोसेकंदांत पोचतात, ५०० च्या फ्रेममध्ये आरामात बसतं.

"भरपूर" म्हणजे किती, इथे खरी गोम आहे. बायस वाढवत गेलं की पिक्सेलच्या बाजूने मागे मागे डिप्लेशन सरकत जातं, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन हटतात आणि तिथे फील्ड तयार होतं. पूर्ण जाडी भरायला लागणारं व्होल्टेज जाडीच्या वर्गाने वाढतं, आमच्या सिलिकॉनला ३०० मायक्रॉनसाठी ७० व्होल्टच्या आसपास आणि ५०० साठी १९० च्या आसपास. त्याच्या खाली राहिलात तर मागे एक पट्टा उरतो जिथे फील्डच नाही. आणि हा पट्टा नेमका तिथेच उरतो जिथून एक्स-रे आत येतो! त्या पट्ट्यातल्या होलांची अवस्था अनंत चतुर्दशीच्या रात्री राजवाड्यावर झांकीच्या गर्दीत सापडलेल्या माणसासारखी होते, घरी पोचतो नक्की, पण कधी पोचेल आणि कुठल्या गल्लीतून बाहेर पडेल ते सांगता येत नाही. चांगल्या सिलिकॉनमध्ये होल मिलिसेकंद जगतात, त्यामुळे ते मरत नाहीत, फक्त उशिरा येतात आणि थोडे आजूबाजूला पसरून येतात. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, पूर्ण प्रकरण यावरच फिरतं.

आता घटनाक्रम. बाहेरून बनवून आलेले सेन्सर आम्ही उन्हाळ्यात प्रोब स्टेशनवर (सुया टेकवून मोजायच्या यंत्रावर) तपासले. मालव्यातला मे महिना, हवा कोरडी खडखडीत. २५० व्होल्टपर्यंत लीकेज करंट (एक्स-रे नसतानाही गळणारा करंट) सपाट, कुठे काही उसळी नाही, सीव्ही मेजरमेंटमध्ये (व्होल्टेजप्रमाणे कपॅसिटन्स कसा बदलतो ते बघतात त्यात) फुल डिप्लेशन १९० च्या आसपास, म्हणजे हिशोबाप्रमाणेच. सगळे खूश. त्यातले चांगले सेन्सर बंप बाँडिंगला बाहेर पाठवले आणि मॉड्यूल, म्हणजे सेन्सर आणि चिप जोडलेला संच, परत आलं तेव्हा इथे पाऊस लागलेला होता.

टेस्ट बेंचवर मॉड्यूल लावलं, बायस चढवायला सुरुवात केली, आणि १७० च्या थोडं पुढे गेलं की करंट एकदम उसळायचा आणि पॉवर सप्लाय ट्रिप. परत चढवा, परत ट्रिप. मॉड्यूल एकच होतं, जाळून चालणार नव्हतं, म्हणून १६० व्होल्टवर ठेवून पुढचं काम सुरू करायचं ठरलं. लॉगबुकात नोंद झाली, "१६० वर स्थिर, लीकेज ठीक". त्यावेळी हा निर्णय कोणालाच वावगा वाटला नाही आणि मला अजूनही वाटतं की त्या दिवशी तोच योग्य होता, कारण ट्यूब लावून लांब एक्सपोजरचे फोटो घेतले तर ते फार सुंदर आले. एका जुन्या पेनड्राइव्हचा फोटो होता, आतले तांब्याचे पट्टे, सोल्डरचे ठिपके, क्रिस्टलची डबी, सगळं स्वच्छ. फ्लॅट फील्ड (मध्ये काही न ठेवता घेतलेला फोटो) एकसारखं, नॉइज कमी. एक्सपोजर मिलिसेकंदांचं असलं की उशिरा आलेले होलसुद्धा त्याच फ्रेममध्ये मोजले जातात ना, त्यामुळे संथ टेस्टमध्ये हा दोष दिसूच शकत नाही.

फास्ट टेस्ट आम्ही लेझरने करतो. लॅबच्या साध्या ट्यूबमधून ५०० नॅनोसेकंदांत एखाद्या पिक्सेलवर बहुतेक वेळा एकही फोटॉन येत नाही, तर मागच्या अॅल्युमिनियममध्ये मुद्दाम ठेवलेल्या छोट्या खिडकीतून ६६० नॅनोमीटरचा लाल लेझर मारायचा, पल्स एक नॅनोसेकंदाहून लहान. लाल प्रकाश सिलिकॉनमध्ये चार-पाच मायक्रॉनमध्येच शोषला जातो, म्हणजे अगदी मागच्या पृष्ठभागावर चार्ज सोडल्यासारखं. पहिल्या फ्रेममध्ये ठिपका दिसायला हवा आणि दुसरी फ्रेम काळी. दुसऱ्या फ्रेममध्ये ठिपका होता, चांगला ठळक. तिसऱ्यातही फिकट होता.

लगेच सगळे चिपवर घसरले. अशा चिपमध्ये प्रत्येक पिक्सेलच्या आत काही कपॅसिटर असतात, एकेका फ्रेमचा चार्ज एकेका कपॅसिटरवर. रीसेट स्विच नीट बंद-चालू झाला नाही, किंवा अँप्लिफायरचा फीडबॅक कपॅसिटर पूर्ण रिकामा झाला नाही, तर मागच्या फ्रेमचं उरलंसुरलं पुढच्यात येतं, हे माहीत असलेलं दुखणं आहे. मग रीसेटची पल्स लांबवून बघ, स्विचचं टायमिंग मागेपुढे कर, सप्लाय बदल, केबल बदल. तो मागे उरणारा ठिपका, म्हणजे घोस्ट, किंचितही हलेना. चिपवाले सर वैतागले होते, त्यांचं म्हणणं सरळ होतं: "अरे, माझ्या चिपमध्ये टेस्ट पल्सची सोय दिलीय, सेन्सर बाजूला ठेवा आणि थेट चार्ज घालून बघा." ते केलं, चिपच्या आतल्या कॅलिब्रेशन कपॅसिटरमधून तेवढाच चार्ज पिक्सेलमध्ये घातला, आणि दुसरी फ्रेम स्वच्छ काळी. तरीपण काही जणांचं समाधान झालं नाही, म्हणे टेस्ट पल्स आदर्श असते, खरा सिग्नल तसा नसतो. आता वाटतं त्याच दिवशी सेन्सरकडे बघायला हवं होतं, पण ग्रुपमध्ये अर्ध्या लोकांचं आयुष्य इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेलेलं, दोष आपल्या ओळखीच्या जागी शोधणं माणसाला सोपं जातं.

वळण आलं ते आमच्या सगळ्यात ज्युनिअर मुलीमुळे. ती पीएचडीच्या पहिल्या वर्षाला, लेझरचे डेटा तीच प्लॉट करायची. एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आली, "दादा, हे बघा ना, दुसऱ्या फ्रेममधला ठिपका पहिल्यापेक्षा जाड आहे." मी म्हटलं, "स्केल वेगळं लावलंयस का?" तर नाही, तिने दोन्ही एकाच स्केलवर नॉर्मलाइज केले होते. लेझर एका पिक्सेलच्या कडेजवळ पडत होता. पहिल्या फ्रेममध्ये बहुतेक चार्ज त्या एका पिक्सेलमध्ये, शेजारच्यात थोडासा. दुसऱ्या फ्रेममध्ये शेजारच्या पिक्सेलचा वाटा चांगलाच वाढलेला. हे फार मोठं निरीक्षण होतं. रीसेट अपुरा पडला असता तर ज्या पिक्सेलला जितकं मिळालं त्याच प्रमाणात उरलं असतं, आकार तोच राहिला असता. घोस्ट जाड होतोय याचा अर्थ चार्ज आडवा चालतोय, आणि आडवं चालायला त्याला जागा फक्त सिलिकॉनमध्ये आहे. तिला कोणी सांगितलं नव्हतं की आकार बघ, तिने बघितला, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

मग टेस्ट कशी करायची हे आपोआप सुचलं. चार्ज तेवढाच ठेवायचा, फक्त तो किती खोल तयार होतो ते बदलायचं. लाल लेझर काढून १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लावला. हा प्रकाश सिलिकॉनमध्ये फार हळू शोषला जातो, खोली एक मिलिमीटरच्या घरातली, त्यामुळे पूर्ण ५०० मायक्रॉनमध्ये जवळपास सारखा चार्ज पडतो. पॉवर जुळवून पिक्सेलमध्ये एकूण चार्ज लाल लेझरइतकाच येईल असं केलं, आणि घोस्ट एकदम लहान झाला. चिपला काय माहीत की चार्ज लाल लेझरचा आहे की इन्फ्रारेडचा? तिच्यासाठी दोन्ही सारखेच. म्हणजे तक्रार खोलीशी होती, आणि ती खोली मागच्या पृष्ठभागाजवळची होती.

हिशोब मांडला. १६० व्होल्ट, फुल डिप्लेशन १९०, डिप्लेशनची खोली व्होल्टेजच्या वर्गमुळाने जाते, म्हणजे ५०० पैकी साधारण ४६० मायक्रॉन भरलेले आणि ४० रिकामे. चाळीस मायक्रॉन ऐकायला काहीच नाही हो. पण फील्ड नसताना होल नुसते डिफ्युजनने (आपोआप पसरत) ४० मायक्रॉन जायला पाऊण मायक्रोसेकंदाच्या आसपास घेतात, आणि त्यात आडवेही तितकेच पसरतात. आमची फ्रेम अर्ध्या मायक्रोसेकंदाची. आकडे इतके चपखल बसले की बोर्डासमोर दोन मिनिटं कोणी बोललं नाही, मग सगळे एकदमच बोलायला लागले.

पण लेझर म्हणजे एक्स-रे नव्हे, त्यामुळे एक्स-रेने खात्री करणं भागच होतं. ट्यूबमधून फोटॉन तुरळक येऊ द्यायचे, ५०० नॅनोसेकंदांच्या फ्रेम घ्यायच्या, इतके तुरळक की एका फ्रेममध्ये एका पिक्सेलवर फार तर एक फोटॉन, आणि प्रत्येक फोटॉनचा चार्ज एकाच फ्रेममध्ये सापडतो की पुढच्या फ्रेममध्ये सांडतो ते बघायचं. तांब्याचा ८ केईव्ही आणि मॉलिब्डेनमचा १७.५ केईव्ही, दोन्ही घेतले. ८ केईव्हीचे जवळपास निम्मे फोटॉन पहिल्या ४० मायक्रॉनमध्येच थांबतात, तर १७.५ केईव्हीचा फोटॉन सरासरी साडेसहाशे मायक्रॉन जातो, त्याचे सेन्सरमध्ये जे थांबतात त्यातले दहा टक्क्यांच्या आसपासच त्या मेलेल्या पट्ट्यात. तांब्याचा पीक (मोजलेल्या चार्जच्या आलेखातला उंचवटा) खालच्या बाजूला पार ढासळलेला होता, मॉलिब्डेनमचा बऱ्यापैकी उभा. चिपचा दोष असता तर जास्त चार्जवाल्या मॉलिब्डेनमला जास्त त्रास व्हायला हवा होता, झालं उलट. इथे चिपवाल्या सरांनी पहिल्यांदा चहा मागवला.

म्हणजे दुखणं कळलं, बायस कमी पडतोय. पण औषध काय, बायस वाढवला की ट्रिप. मे महिन्यात २५० ला शांत बसलेला सेन्सर आता १७० च्या पुढे का भडकतो? एक मत असं की बंप बाँडिंगच्या वेळी उष्णतेने किंवा दाबाने काही बिघडलं. दुसरं मत, एक्स-रेचा डोस. या दुसऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. कमी ऊर्जेच्या एक्स-रेने सिलिकॉनच्या आतल्या जाळीला इजा होत नाही, अणू जागचा हलवायला शेकडो केईव्हीचे फोटॉन लागतात. पण वरच्या ऑक्साइडमध्ये पॉझिटिव्ह चार्ज साठत जातो आणि ऑक्साइड-सिलिकॉनच्या सीमेवर ट्रॅप बनतात, त्याने लीकेज वाढतं आणि ब्रेकडाउन (ज्या व्होल्टेजला करंट अचानक उसळतो तो बिंदू) बदलतो, हे खरं आहे आणि एक्सएफईएलवाल्यांनी याच्यासाठीच सेन्सर फार विचार करून बनवले. पण आमचा डोस त्यामानाने नगण्य. तिसरं, तापमान. लीकेज दर सात-आठ डिग्रीला दुप्पट होतं, पण त्याने अख्खी रेषा वर सरकते, अशी अचानक उसळी येत नाही, शिवाय जुलैत इथे मेपेक्षा गारच असतं.

सगळ्यांचा निकाल एका साध्या गोष्टीने लागला. त्याच वेफरवरचा (सिलिकॉनच्या चकतीवरचा) एक सेन्सर कपाटात तसाच पडून होता, बाँडिंग नाही, एक्स-रे नाही. तो प्रोब स्टेशनवर ठेवला. तोही १७०-१८० ला उसळला. म्हणजे बाँडिंग सुटलं, डोस सुटला. दुसरं, यावेळी पिक्सेलचा करंट आणि गार्ड रिंगचा करंट दोन वेगळ्या सुयांनी मोजला. गार्ड रिंग म्हणजे पिक्सेलच्या मैदानाभोवती फिरलेल्या कड्या, कापलेल्या कडेपर्यंत व्होल्टेज एकदम न पडता पायरीपायरीने उतरावं म्हणून. पिक्सेलचा करंट मेमध्ये होता तितकाच, ढिम्म. सगळी उसळी गार्ड रिंगच्या सुईत. म्हणजे सिलिकॉनचं पोट ठीक, कड बिघडलेली.

आणि इथे आमच्या टेक्निशियन काकांनी विषय संपवला. काका रिटायरमेंटला आलेले, स्नेहलतागंजात राहतात, हाताने कुठलीही गोष्ट जुळवतात. मीटिंगमध्ये शांत बसले होते, मग म्हणाले, "तुम्ही सगळं मोजताय, हवा कोणी मोजली का? दोन महिन्यांत बदललं काय, तर पाऊस आला." जेल रोडवरून आणलेला एक साधा ह्युमिडिटी मीटर त्यांनी डार्क बॉक्सच्या आत ठेवला, आत ८० टक्क्यांच्या वर. मग नायट्रोजन सिलेंडरच्या पाइपला त्यांनी दोन फाटे केले, एक सरळ बॉक्समध्ये, दुसरा पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत बॉक्समध्ये, दोन्हीला बारीक व्हॉल्व्ह. कोरडा आणि ओला नायट्रोजन हव्या त्या प्रमाणात. रात्रभर कोरडा सोडला, सकाळी बायस चढवला, २५० पर्यंत एकदम सपाट, मेसारखाच. मग २०० वर थांबून काकांनी बाटलीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. मीटरवर ३०, ४०, ५० टक्के, गार्ड रिंगचा करंट तसाच. ६० च्या पुढे तो रेंगाळत चढायला लागला, पाऊणशे टक्क्यांशी उडालाच. व्हॉल्व्ह बंद करून परत कोरडा सोडला तर लगेच उतरला नाही, बराच वेळ घेऊन उतरला. पिकोअँमीटरचा आकडा खाली खाली येताना आम्ही सगळे दाटीवाटीने तिथे उभे होतो, कोणी घरी जायचं नाव काढेना.

कारण असं. सेन्सरच्या वर ऑक्साइड किंवा पॅसिव्हेशनचा (संरक्षक) थर असतो, तो इन्सुलेटर. दमट हवेत त्याच्यावर पाण्याच्या रेणूंचा डोळ्याला न दिसणारा थर बसतो आणि त्यातून चार्ज अगदी हळू सरकू शकतो. कडेला पूर्ण बायस, आत पिक्सेलला शून्य, मग हा चार्ज गार्ड रिंगच्या मधल्या जागेवर सरकून वरच्या पृष्ठभागाचं व्होल्टेजच बदलून टाकतो. डिझाइन करताना जे फील्ड सगळ्या रिंगांमध्ये वाटलेलं असतं ते एखाद्या कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथे अॅव्हलांच, म्हणजे चार्जची भराभर वाढत जाणारी साखळी, सुरू. कोरड्या हवेत हेच सरकणं इतकं मंद असतं की दिवसच्या दिवस लागतात, म्हणून मेमधला करंट-व्होल्टेजचा कर्व्ह इतका देखणा. खोटा नव्हता तो, पण त्या हवेपुरता खरा होता. हा परिणाम जगात माहीत आहे, हॅम्बुर्गच्या लोकांनी एजीआयपीडीच्या सेन्सरसाठी याचा अभ्यास केलाय आणि जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या अॅटलास प्रयोगाच्या नवीन स्ट्रिप सेन्सरमध्येही ह्युमिडिटीने ब्रेकडाउन खाली येतो हे दिसलं होतं. आपल्याकडे मात्र स्वच्छ खोली, एसी चालू, म्हणजे झालं असं धरून चालतात. एसी चालू असून पावसाळ्यात आत किती दमट असतं ते मीटर ठेवल्याशिवाय कळत नाही.

लगेचचे उपाय फार अवघड नव्हते. मॉड्यूलसाठी हवाबंद डबा, आत कोरड्या नायट्रोजनचा बारीक प्रवाह, ह्युमिडिटी ३० टक्क्यांच्या वर गेली की बायस आपोआप खाली उतरेल असं इंटरलॉक. यावर एकाने सुचवलं की सेन्सर थंड करू, लीकेज पण कमी होईल. ते डब्याशिवाय करणं घातक आहे, कारण २८ डिग्री आणि ८० टक्के ह्युमिडिटी असेल तर दवबिंदू २४ डिग्रीच्या आसपास येतो, म्हणजे सेन्सर नुसता चार-पाच डिग्रीने गार केला तरी त्याच्यावर दव धरणार. आधी कोरडं, मग गार, हा क्रम बदलायचा नाही. डब्यात बायस २५० वर गेला आणि लाल लेझरचा दुसऱ्या फ्रेममधला ठिपका नाहीसा झाला. ८ केईव्हीचा पीक उभा राहिला.

दुसरा उपाय कागदपत्रांचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. आता आमच्याकडे आयव्ही कर्व्हवर (करंट-व्होल्टेजच्या आलेखावर) तापमानाच्या शेजारी ह्युमिडिटी आणि बायस दिल्यापासून किती वेळ झाला हे लिहिल्याशिवाय तो कर्व्ह कोणी स्वीकारत नाही. पाच मिनिटांत झरझर घेतलेला कर्व्ह आणि बायसखाली काही तास ठेवून घेतलेला कर्व्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण पृष्ठभागावरचा चार्ज जागेवर बसायला वेळ घेतो. आणि लॉगबुकात कोणी बायस कमी केला तर शेजारी फुल डिप्लेशनचा आकडा लिहायचा. १६० च्या शेजारी १९० लिहिलेलं असतं तर चिपला दोष देण्यात गेलेला वेळ वाचला असता.

डिझाइनचं मात्र इतकं सोपं नाही. सेन्सर पातळ करा असं पहिल्यांदा सुचतं, ३०० मायक्रॉनला ७० व्होल्टच पुरतात, होल पण लवकर पोचतात, आणि ८ केईव्ही तर ३०० मध्ये ९९ टक्के थांबतो. पण १२ केईव्हीचे पाव फोटॉन आरपार जाऊन चिपच्या ट्रान्झिस्टरवर पडतील, ५०० मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर येतं, शिवाय १७.५ ची एफिशियन्सी अर्ध्यावरून एक तृतीयांशाच्या आसपास येते. जास्त रेझिस्टिव्हिटीचं सिलिकॉन घ्या, साडेचारऐवजी आठ-नऊ किलो-ओहम, तर ५०० मायक्रॉनलाही शंभरच्या आसपासच्या व्होल्टमध्ये डिप्लेशन होतं. हे चांगलं आहे, पण नुसतं डिप्लेशन झालं म्हणजे भागलं असं नाही. खूप फोटॉन एकदम एका पिक्सेलवर आले तर चार्जचा ढग इतका दाट होतो की तो आतलं फील्डच झाकून टाकतो, त्याला प्लाझ्मा इफेक्ट म्हणतात, आणि तो फोडायला परत जास्तच बायस लागतो. एक्सएफईएलवाले फुल डिप्लेशनच्या कितीतरी वर शेकडो व्होल्ट देतात ते यासाठी. म्हणजे वेग पाहिजे तर व्होल्टेज पाहिजे, आणि व्होल्टेज पाहिजे तर कड मजबूत पाहिजे, यातून सुटका नाही.

कड मजबूत करायची म्हणजे रिंगा वाढवायच्या, त्यांच्यातलं अंतर नीट बसवायचं, रिंगेवरचं मेटल थोडं बाहेर काढायचं म्हणजे फील्ड कोपऱ्यात साठत नाही, पॅसिव्हेशन सुधारायचं. पण प्रत्येक रिंग जागा खाते, आणि दोन मॉड्यूल शेजारी ठेवले की त्या जागेत फोटोत काळी पट्टी पडते. आमच्या ग्रुपमध्ये यावर अजून वाद चालू असतो, एक गट म्हणतो पट्टी चालेल, दुसरा म्हणतो कमी रिंगा आणि कायम नायट्रोजन. मी पहिल्या गटात आहे. आपल्याकडे सिलेंडर संपणं, लाइट जाणं, सुट्टीत डबा उघडा राहणं हे होणारच, आणि सेन्सर असा असावा की दमट हवेत एखादी रात्र पडला तरी सकाळी चालावा. हे अशक्य अजिबात नाही, सर्नच्या सीएमएस प्रयोगासाठी भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने मिळून सिलिकॉन स्ट्रिप सेन्सर देशातच बनवले होते, चार इंची वेफरवर, ३२० मायक्रॉन जाड. पिक्सेलचा खेळ वेगळा आहे हे मान्य, पण कडेचं शास्त्र तेच आहे आणि ते हात इथे आहेत.

पुढच्या मास्कमध्ये (वेफरवर सेन्सर छापायच्या नकाशात) आता वेफरच्या कोपऱ्यांत चार तऱ्हेच्या गार्ड रिंगांचे टेस्ट डायोड टाकलेत. सिम्युलेशन दोनदा चालवलं, एकदा वरचा पृष्ठभाग कोरडा धरून आणि एकदा त्याच्यावर चार्ज सरकून बसलाय असं धरून, आणि दोन्हीत ३०० व्होल्टच्या वर टिकणारी डिझाइनच पुढे नेली. ज्युनिअर मुलीने त्याच्या मोजणीचा प्लॅन केलाय, त्यात पहिला महिना जुलै धरलाय, डबा उघडा ठेवून.